बाटली आडवी झाली, पुढे काय?

गेल्या अंकातील ‘दुकान बंद, दारू बंद’ हे पत्र अर्धेच पटले. बायाबापड्यांनी मतदानाने बाटली आडवी करून गावातले दुकान बंद पाडले तरी पिणारा एसटी धरून गडहिंग्लज गाठतोच. त्यातला ‘दारुडे दारुड्याला काय सुधारणार?’ हा टोमणा मात्र मुळीच पटला नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संस्था १९३५ साली अमेरिकेत उभी राहिली ती दोन मद्यपींनी एकमेकांना सावरल्यामुळेच. या संस्थेत फी नाही, आडनाव विचारत नाहीत. पिणे थांबवायची इच्छा एवढीच अट.

माझा चुलतभाऊ त्यांच्या सभेला पहिल्यांदा गेला तेव्हा दाराजवळची खुर्ची धरून मुकाट बसला. ‘बोल’ असे कुणी म्हणालेही नाही. पुढच्या खेपेला आपणहून गेला. नेसरीच्या बाजारात चार लोक बघतील ही धास्ती असेल, तर परगावची सभा बरी. पत्ता संस्थेच्या हेल्पलाइनवर मिळतो.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याला शपथ घालून एकदम दारू तोडायला लावू नये. थरकाप सुटतो, झटकेही येतात. आधी डॉक्टर गाठावा. नवरा सभेला जायला तयारच नसेल, तर बायकोने एकटीने जावे. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभा वेगळ्या असतात.

– एक वाचक, नेसरी (ता. गडहिंग्लज)