आकाशातील हाक कशी ओळखावी?

१८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात विद्युत्-चुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली. तेथे पाठविणारा व घेणारा एकच होता. परग्रहावरून संदेश आला, तर पाठविणारा अज्ञात, कंप्रताही अज्ञात. तरीही तो टिपणे अशक्य नव्हे.

पुणे जिल्ह्यातील खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांत, म्हणजे साधारण कलकत्ता ते बजबज एवढ्या विस्तारात, उभ्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या ‘स्कियापरेल्ली’ यानाचा क्षीण संकेत त्यांनी सुमारे १७ कोटी किलोमीटरांवरून टिपला. सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा मात्र याच्या दोन लक्ष पटींहून अधिक दूर आहे. तेथील संकेत फारच प्रबळ असावा लागेल.

त्याहून मोठी अडचण ओळखीची आहे. १९७७ साली अमेरिकेतील ओहायो येथे ७२ सेकंद एक प्रबळ संकेत नोंदला गेला. तो पुन्हा कधीच आढळला नाही. अशा संकेतास परग्रहवासीयांचा संदेश म्हणणे शास्त्रास मान्य होणार नाही. जो पुन्हा येतो व दुसऱ्या ठिकाणच्या दुर्बिणीलाही आढळतो, तोच विचारार्ह होय. शोध अवश्य चालू राहावा. निष्कर्षाची घाई मात्र नसावी.