मालकाचे नाव आणि कामगाराचा हक्क

एखाद्या कारखान्यात कामगारांनी संघ काढला की सुशिक्षित घरांतून एक उद्गार हमखास ऐकू येतो: 'आता हाही कारखाना बुडणार!' असे म्हणणाऱ्यांत आमचे अनेक स्नेही आहेत. ते कामगारांचे शत्रू नव्हेत. तथापि त्यांच्या या मतामागे विचारापेक्षा सवयच अधिक आहे, असे आम्हांस वाटते. चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूर येथील प्रकरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

तेथे सॅमसंग कंपनीचा फ्रिज, टीव्ही व कपडे धुण्याची यंत्रे तयार करण्याचा कारखाना आहे. ९ सप्टेंबर २०२४ रोजी तेथील हजाराहून अधिक कामगार संपावर गेले व तो संप ३७ दिवस चालला. पगारवाढीची मागणी होतीच. पण वादाचे मूळ निराळे होते. कामगारांनी स्थापिलेल्या संघास मान्यता देण्यास कंपनी तयार नव्हती. संघाच्या नावात 'सॅमसंग' हा शब्द असावा, यासही तिची हरकत होती. नोंदणी रखडली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर जानेवारी २०२५ मध्ये संघाची नोंद झाली.

नाव हे कंपनीचे व्यापारचिन्ह आहे, हे आम्हांस मान्य आहे. त्या नावावर दुसरा कोणी फ्रिज विकू लागला, तर त्यास अवश्य शासन व्हावे. परंतु कामगारांनी काही दुकान मांडले नव्हते. आपण कोठे राबतो, एवढेच ते सांगत होते. जे नाव त्यांच्याच हातांनी घडलेल्या यंत्रांवर झळकते, ते त्यांनी आपल्या संघास दिले, तर ती चोरी कशी? आणि कंपनी म्हणजे तरी काय? असंख्य भागधारकांनी भांडवल एकत्र करून उभारलेला, कायद्याने व्यक्तीचे रूप दिलेला एक संघच होय. भांडवलाने संघटित व्हावे आणि श्रमाने मात्र एकेकट्याने हात जोडून उभे राहावे, हा न्याय कोणता?

हा प्रश्न याच शहरात शंभर वर्षांपूर्वी उपस्थित झाला होता. एप्रिल १९१८ मध्ये बी. पी. वाडिया यांच्या पुढाकाराने मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. पुढे तंटा चिघळला, तेव्हा बिन्नी कंपनीने वाडियांवर दावा लावून मनाईहुकूम मिळविला. संघ चालविणे हाच जणू अपराध ठरला! त्यानंतर १९२१ साली ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारसंघांच्या संरक्षणाचा ठराव मांडला आणि १९२६ चा कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली. संघटनेचा हक्क देणारे घटनेचे १९ वे कलम मात्र कायम आहे.

'बाहेरचे पुढारी कामगारांस बिघडवितात' हा आक्षेपही जुनाच आहे. वाडिया गिरणीत राबत नव्हते, जोशीही नव्हते. पण कंपनी न्यायालयात जाते ती बाहेरचा वकील घेऊनच ना? दुसरा आक्षेप असा की, संघ झाला तर परकीय भांडवल निघून जाईल. मे २०२० मध्ये याच कंपनीच्या प्रमुखांनी संघविरोधी धोरण सोडण्याचे कोरियात जाहीर वचन दिले आणि २०२४ च्या जुलैत तेथील कामगारसंघाने संपही केला. त्यामुळे कंपनीने कोरिया सोडला नाही. जे तेथे सोसवते, ते येथेच का सोसवू नये?

यावर आमचे मुंबईकर वाचक १९८२ च्या गिरणी संपाचा दाखला देतील. त्या संपाने लाखो घरांची धूळधाण झाली, हे कोण नाकारील? संघ कधी चुकत नाहीत, असे आम्हीही म्हणत नाही. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघास होता. कामगार मात्र डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभे होते. आपल्या वतीने कोणी बोलावे, हे ठरविण्याचा हक्क हाही त्या लढ्यातला एक प्रश्न होता. तेव्हा त्या दाखल्याने कामगारांच्या निवडीचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढतेच.

श्रीपेरुंबुदूरलाही, संप चालू असताना, कंपनीने संपकऱ्यांच्या संघास वगळून कामगारांच्या एका समितीशी करार केला होता. मालकाने पसंत केलेल्या माणसांशी केलेली बोलणी ही बोलणीच नव्हेत. तो स्वतःशीच केलेला संवाद आहे.

शेवटी आमच्या वाचकांस एकच विचारावयाचे आहे. डॉक्टरांचा संघ आहे, वकिलांचा आहे, कारखानदारांचा आहे. आम्हां प्राध्यापकांचाही आहे, आणि वेतनश्रेणीसाठी आम्ही त्याचा उपयोग करताना संकोचलो नाही. मग जो हक्क आपण मुकाट्याने भोगतो, तोच यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाने मागताच आपणांस देशाच्या प्रगतीची चिंता का वाटू लागते?