नववीचा पहिला पाठ आणि कोसळणाऱ्या इमारती

बालभारतीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ गतीच्या नियमांचा आहे, आणि शाळा जूनमध्ये भरत असल्यामुळे न्यूटनचे तीन नियम पनवेलच्या मुलांच्या कानी पडतात ते नेमके पावसाच्या तोंडावर, धोकादायक इमारतींच्या दारांवर नोटिसा डकविण्याच्या हंगामात. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, अशी शंका ना अध्यापकाला येते, ना नोटीस डकविणाऱ्याला. वर्गात पेल्यावर पुठ्ठा व पुठ्ठ्यावर नाणे ठेवून टिचकी मारली जाते, नाणे पेल्यात पडते, जडत्वाचा नियम सिद्ध होतो. आणि ज्या छताखाली हा प्रयोग झाला ते छत कशाच्या आधाराने उभे आहे, हा प्रश्न अनुच्चारितच राहतो. बल आणि गती हे विषय आपल्याकडे इमारतींच्या कोसळण्यावरून शिकवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पनवेलकरांना उदाहरणांसाठी लांब जावे लागत नाही. पळस्पे फाट्यावरून गोव्याकडे निघालेल्या महामार्गावर, याच रायगड जिल्ह्यात, महाड आहे. तेथे २४ ऑगस्ट २०२० रोजी ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे दगावली. मुंब्र्याकडे निघालो तर शिळफाटा लागतो. त्या परिसरात ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असतानाच आत बिऱ्हाडे भरलेली एक बेकायदा इमारत जमीनदोस्त झाली आणि ७०हून अधिक जीव गेले. खुद्द गावात, गावठाणातील लाकडी खांबांचे जुने वाडे, नवीन पनवेल व कळंबोली येथील वसाहती आणि खारघरचे मनोरे अशा बांधकामाच्या तीन पिढ्या थोड्या अंतरात पाहावयास मिळतात.

मुलांच्या मनातील पहिला गैरसमज असा की, जे हलत नाही त्यावर बल नाही. तीन मीटर बाय चार मीटरची खोली घ्या. तिच्यावरील स्लॅब १२ सेंटिमीटर जाडीचा धरला आणि सळयांसह काँक्रीटचे वजन घनमीटरला २,५०० किलो धरले, तर तो स्लॅब ३,६०० किलो भरतो. मूल त्याखाली झोपते, अभ्यास करते, आणि रात्रंदिवस बीम व कॉलम तितक्याच बलाने त्या स्लॅबला वर रेटीत असतात. (स्लॅबचे वजन आणि हा वरचा रेटा ही तिसऱ्या नियमातील जोडी नव्हे, कारण दोन्ही बले एकाच वस्तूवर लागतात; हा घोटाळा कित्येक शिकवण्यांतूनही राजरोस चालतो.) स्थैर्य म्हणजे बलांचा अभाव नसून त्यांचा तोल होय, ही एक गोष्ट जरी मनात ठसली, तरी कॉलमला पडलेल्या तिरक्या भेगेकडे पाहण्याची मुलाची दृष्टी बदलेल.

तोल ढळला म्हणजे काय होते, हे फळ्यावर मांडण्यास दहा मिनिटे पुरेत. तोच स्लॅब तीन मीटर खाली पडण्यास पाऊण सेकंदाहून किंचित अधिक काळ लागतो, आणि खालच्या मजल्यावर आदळताना त्याचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. वेग फारसा नाही, असे वर्गातील एखादा हुशार मुलगा म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु घात वेगाने होत नाही, तो वेग किती अल्प अंतरात शून्यावर येतो त्याने होतो. समजा, दहा सेंटिमीटर चेपले जाऊन तो स्लॅब थांबावयाचा असेल, तर त्याला थांबविणारे सरासरी बल त्याच्या वजनाच्या ३१ पट, म्हणजे सुमारे ११० टन भरते. आपल्या मानकांनुसार राहत्या खोलीची जमीन, स्वतःचे वजन सोडून, चौरस मीटरला सुमारे २०० किलो भारासाठी, म्हणजे या खोलीपुरती २.४ टनांसाठी रचलेली असते. एक मजला निखळला की खालचे मजले एकामागून एक का बसत जातात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे, आणि दुसरा नियम याहून स्पष्ट शिकविता येईल असे मला वाटत नाही.

कॉलमचे प्रकरण तर प्लॅस्टिकच्या फूटपट्टीवर भागते. ती उभी धरून वरून दाबली की मध्येच बाकते. तीच निम्म्या उंचीवर दोन्ही बाजूंनी बोटांनी अडविली, तर वाकण्यापूर्वी जवळजवळ चौपट दाब सोसते. कॉलमला धरून ठेवणारे बीम कशासाठी असतात, हे मुलांना येथे कळते. घाटकोपरची ‘साई दर्शन’ इमारत २५ जुलै २०१७ रोजी पडून १७ माणसे मेली, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. हॉल ऐसपैस व्हावा म्हणून गवंड्याकडून परस्पर तोडफोड करवून घेणारी मंडळी काल शाळेतच होती आणि गतीचे नियम त्यांना तोंडपाठ होते.

कायद्याची तजवीज आहे, पण ती वयावर बेतलेली आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ अन्वये ३० वर्षे उलटलेल्या इमारतीच्या स्थैर्याची तपासणी करून दाखला सादर करावा लागतो. महाडची इमारत त्या मुदतीच्या जवळपासही पोहोचली नव्हती. खाडीकडच्या खाऱ्या हवेत सळई गंजते, गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा मागतो, काँक्रीट आतून फुटते आणि पोपडे गळू लागतात. ही क्रिया इमारतीच्या दप्तरातील जन्मतारीख पाहून सुरू होत नाही.

मेलेल्या माणसांवरून गणिते घालणे निर्दयपणाचे नव्हे काय, असा आक्षेप येईल, आणि ज्या वर्गात अशा घरातले मूल बसले असेल तेथे अध्यापकाने तारतम्य राखलेच पाहिजे. पण बंदुकीचा धक्का तिसऱ्या नियमासाठी सुखेनैव शिकविणाऱ्यांनी हा आक्षेप घेणे मला मौजेचे वाटते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ज्ञान असून उपयोग काय? बांगलादेशात ‘राणा प्लाझा’ २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली, तिच्या भेगा आदल्या दिवशीच सर्वांनी पाहिल्या होत्या. खालची बँक व दुकाने बंद राहिली, कपड्यांच्या कारखान्यातील मजुरांना मात्र कामावर बोलाविण्यात आले, आणि १,१०० हून अधिक माणसे गेली. त्या मजुरांना भेगेचा अर्थ कळत नव्हता असे नव्हे. त्यांचा शब्द चालत नव्हता. नववीच्या पाठाने हा दोष जाणार नाही, हे मान्य. मात्र सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत संरचना तपासणीचा खर्च कशाला, असे विचारणाऱ्याचा शब्द आज चालतो, आणि त्याला ११० टनांचा हिशेब मांडून दाखविणारे कोणी सभेत नसते.

यासाठी पाठ्यपुस्तक बदलण्याची किंवा शासननिर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही. स्लॅबची लांबी-रुंदी मुलांनी आपापल्या घरी मोजून आणावी, जाडी अध्यापकाने सांगावी, आणि नाण्याचा प्रयोग उरकल्यावर त्याच तासिकेत गणित करून घ्यावे.