कुलपाला हात लावून

दिवाळीची सुट्टी संपत आली की घरोघर एकच गडबड उडते. गृहपाठाची वही कुठे गेली, दप्तराचा पट्टा कोणी तोडला! पहिल्या दिवशी थोडी रडारड होते, दुसऱ्या दिवशी पोरे मधल्या सुट्टीत चकल्यांची देवघेव करतात आणि गाडी रुळावर येते. काही घरांत मात्र फराळाचे डबे रिकामे झाले तरी ही गडबड संपत नाही.

माझी मावशी शहापूरला असते. तिचा नातू नऊ वर्षांचा, गतिमंद. गावातल्याच शाळेत जातो. दोन वर्षांपूर्वी सुट्टी संपली त्या दिवशी मी तिथेच होतो. गणवेश चढवून तो दारापर्यंत आला आणि उंबऱ्यावर बसला तो बसलाच. आईने समजूत घातली, बापाने आवाज चढवला. मी पडलो मराठीचा प्राध्यापक, शब्दांवर पोट भरणारा. मी गोष्ट सांगायला सरसावलो. गोष्ट संपली, पोरगा हलला नाही. पुढे अकरा दिवस हेच.

आपण सुट्टी म्हणतो तेव्हा सुट्टीपलीकडची शाळा आपल्याला दिसत असते. त्याच्या लेखी शाळा नाहीशीच झाली होती. त्यातून उशिरा उठायची सवय लागलेली, घरात पाहुणे, आणि फटाक्यांच्या आवाजाने तर तो चार दिवस कॉटखाली होता.

गेल्या वर्षी मावशीने सूत्रे हाती घेतली. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात ती त्याला रोज थोडे थोडे लवकर उठवू लागली. साडेदहाला दप्तर पाठीला लावायचे, पिठाच्या गिरणीवरून शाळेच्या फाटकापर्यंत जायचे, फाटकाच्या कुलपाला हात लावायचा आणि घरी यायचे. बस्स, इतकेच. मी हसलो, तेव्हा म्हणाली, "अरे, त्याला सोमवार काय ठाऊक? त्याला कुलूप ठाऊक आहे." शेवटच्या दिवशी तिने त्याच्या बाईंनाही फाटकाशी बोलावून घेतले.

शाळा उघडली आणि घोटाळा झाला. फाटक सताड उघडे, कुलूप गायब! पोरगा कडीकडे बघत उभा. बाई शहाण्या. आत जाऊन टेबलावरचे कुलूप घेऊन आल्या. त्याने त्याला हात लावला आणि आत गेला.

ही हकीकत मी तालुक्यात शाळाशाळांतून फिरणाऱ्या एका विशेष शिक्षिकेला सांगितली. त्या म्हणाल्या, "आम्हीही पालकांना हेच सांगतो, फक्त आजींइतके सोपे सांगता येत नाही." स्वमग्न मुलाला त्याच्या वर्गाचे, बाकाचे फोटो सुट्टीतच दाखवावेत, वर्गशिक्षक बदलणार असतील तर त्यांचाही. श्रवणयंत्र सुट्टीत कपाटात पडून राहिले असेल तर ते आधीच काढून घरी थोडा थोडा वेळ लावावे. एकदम वर्गाच्या कल्लोळात नव्हे. कायदा आता मुलाच्या बाजूला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत, आणि अशा मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण उंबऱ्यावर बसलेल्या पोराला उठवायला कायदा येत नाही, मावशीच लागते.

मग त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी सुट्टी निदान संपते तरी. मुरबाडकडे येऊन बघा."

किन्हवली-सरळगावच्या रस्त्याने गेलो. मुरबाड तालुका म्हणजे फांगणे गावाचा तालुका. तिथे २०१६ साली महिलादिनी आजीबाईंची शाळा निघाली आणि गुलाबी लुगडी नेसून म्हाताऱ्या पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. त्याच तालुक्यातल्या कातकरी वाड्या दिवाळी सरली की ओस पडू लागतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला माणसे वीटभट्ट्यांवर जातात, पोरेही बरोबर; परततात ती पावसाच्या तोंडाशी. अशा मुलांसाठी नव्वदीच्या दशकात विधायक संसदेने जुन्या ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. आता सरकारी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवून मूल भट्टीजवळच्या शाळेत बसू शकते.

पण मूल बहिरे असेल तर? एका वाडीच्या शाळेत अशी आठ वर्षांची मुलगी आहे. तिने आणि वर्गातल्या पोरांनी मिळून स्वतःच्या खुणा केल्या आहेत. गालावर दोन बोटे म्हणजे बाई. मूठ पोटावर म्हणजे भूक. कोपर उडवले की खिडकीशी येणारा कावळा. हे कार्डावर कसे मावणार? म्हणून गेल्या दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हा बाईंनी पोरांकडून या खुणांची चित्रे एका कागदावर काढून घेतली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या आईजवळ दिली.

जूनमध्ये पिशवी परत आली. कागदाची घडी मोडलेली नव्हती. भट्टीवरून शाळा लांब होती, पोरीला धाकट्या भावाला सांभाळायचे होते. पहिल्या दिवशी ती भिंतीला चिकटून उभी राहिली. मग वर्गातल्या एका पोराने कोपर उडवले, आणि ती खिडकीकडे बघू लागली.

बाईंनी यंदा भट्टीचा ठिकाणा मुकादमाकडून आधीच लिहून घेतला आहे. जवळच्या शाळेतल्या गुरुजींचा फोन मिळतो का, याची खटपट चालली आहे. ट्रक भाऊबीजेनंतर येणार.