इंग्रजी आली म्हणजे सर्व कांहीं आलें काय ?

"पोराला इंग्रजी नीट आली म्हणजे तो जगाच्या पाठीवर कोठेंही अडणार नाहीं," हें वाक्य आपल्याकडील आईबापांच्या तोंडून मीं जितक्या वेळां ऐकलें आहे, तितक्या वेळां दुसरें कोणतेंही ऐकलें नसेल. माझे वडीलही हेंच म्हणत. आणि मला या शाळेंत घालण्याचें एक कारण हेंच होतें, हें येथें कबूल करण्यास हरकत नाहीं. शाळेनें आपलें काम चोख केलें. व्याकरण पक्कें झालें, कविता पाठ झाल्या, वक्तृत्वाचें एक बक्षीसही पदरीं पडलें. पुढें स्थापत्याची पदवी घेऊन नोकरीनिमित्त मी अमेरिकेच्या फ्लॉरिडा संस्थानांतील मायामी येथें जाऊन राहिलों, तेव्हां या एका वाक्याच्या भरंवशावर अगदीं निर्धास्त होतों. तें वाक्य खरें नाहीं, असें आतां माझें मत झालें आहे. आणि तें कां झालें हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढ्याकरितां हा लेख.

मायामी अमेरिकेंत आहे खरें, परंतु तेथें रस्त्यावर, दुकानांत, दवाखान्यांत कानीं पडते ती भाषा बहुतकरून स्पॅनिश. शहरांतील शेंकडा ७० लोक स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेले अथवा आलेल्यांचे वंशज. लगतच्या हायलीया शहरांत तर हें प्रमाण शेंकडा ९० च्याही वर जातें. मीं बिऱ्हाड केलें तें या हायलीयांतच. दुसऱ्याच दिवशीं घराची किल्ली हरवली. किल्लीवाल्याच्या दुकानीं जाऊन मीं एक लांबलचक, निर्दोष इंग्रजी वाक्य त्याच्या पुढ्यांत टाकलें. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें व आंत वळून आपल्या मुलीस हांक मारली. आठनऊ वर्षांची ती पोर आम्हां दोघांमधील दुभाषी झाली, आणि मी, पदवीधर मनुष्य, तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिलों. किल्लीला स्पॅनिशमध्यें 'यावे' म्हणतात. पोर्तुगीजांनीं आपणांस दिलेला 'चावी' हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ. पण हें नातें मला फार उशिरां कळलें.

कॉफीची फजिती याहून मोठी. तेथें हॉटेलांना रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी असते. तिला 'बेन्तानीता' म्हणतात, व लोक तिच्यापुढें उभें राहून कॉफी घेतात. शेजारचा गृहस्थ 'कोलादा' म्हणाला, म्हणून मीही 'कोलादा' म्हणालों. पेलाभर काळी, दाट, साखर घोटलेली कॉफी आली व बरोबर अंगठ्याएवढ्या चारपांच वाट्या आल्या. त्या वाट्या कशाकरितां हें विचारण्याची सोय नव्हती. मीं सबंध पेला एकट्यानें संपविला. कोलादा ही चौघांपांचांनीं वांटून घ्यावयाची असते. त्या दिवशीं दुपारपर्यंत माझें काळीज लोहाराच्या भात्यासारखें चाललें होतें, आणि रात्रीं झोंप म्हणून आली नाहीं.

हे झाले गमतीचे प्रसंग. पुढचा तसा नाहीं. ज्या बांधकामावर मी देखरेखीस होतों, तेथील गवंडी, सुतार, सळ्या बांधणारे हे बहुतेक क्यूबा, होन्डुरास, निकाराग्वा या देशांतले. एके सकाळीं क्रेननें सळ्यांची मोळी वर चढत असतां तिची एक बाजू फांसांतून सरकत असलेली मला दिसली. बरोबर खालीं एक कामगार पाठमोरा उभा होता. मी इंग्रजींत ओरडलों. साहेब आपणांस कांहीं सांगत आहेत, एवढेंच त्याला समजलें. म्हणून तो बिचारा अदबीनें जागच्या जागीं थांबला व वळून माझ्याकडे पाहूं लागला. इतक्यांत मागून कोणी तरी "कुइदादो !" अशी आरोळी ठोकली, आणि त्यानें उडी मारली. सळ्या जेथें पडल्या, तेथें क्षणापूर्वीं त्याचे पाय होते.

कुइदादो म्हणजे सांभाळ. चार अक्षरांचा शब्द. मला त्या शहरांत येऊन तेव्हां आठ महिने झाले होते, आणि तो मला ठाऊक नव्हता. कारण ठाऊक करून घेण्याची गरजच मला वाटली नव्हती. हल्लीं पुष्कळ जण विचारतात कीं, हातांतल्या फोनवर भाषांतर होतें, मग भाषा शिकण्याची यातायात कशाला ? फोन त्या वेळींही माझ्या खिशांत होता.

संध्याकाळीं एक सोबती माझें समाधान करूं लागला. तो म्हणाला, "दोष तुझा नाहीं. देश इंग्रजीचा, आलेल्यांनीं इंग्रजी शिकली पाहिजे." हें मत तेथें पुष्कळांचें आहे, व त्यावरून मोठे झगडे झालेले आहेत. १९५९ सालीं क्यूबांत क्रांति झाली आणि तेथील लोक लाटांमागून लाटांनीं मायामीस येऊं लागले. १९६० ते १९६२ या अवधींत तर आईबापांनीं १४,००० हून अधिक मुलें एकटींच विमानानें पाठविलीं. ब्रायन वॉल्श नांवाच्या एका कॅथलिक पाद्र्यानें त्यांच्या राहण्याची व्यवस्था पाहिली. १९६३ सालीं मायामींतील कोरल वे या सरकारी प्राथमिक शाळेंत निम्मा दिवस इंग्रजींत व निम्मा दिवस स्पॅनिशमध्यें शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. तेथें क्यूबन मुलें इंग्रजी शिकत व अमेरिकन मुलें स्पॅनिश. त्या शाळेंत आपण असतों तर, असें मला अनेकदां वाटतें. १९७३ सालीं डेड परगण्यानें आपण द्विभाषी असल्याचें जाहीर केलें. पुढें १९८० सालीं मारिएल बंदरांतून कांहीं महिन्यांतच सुमारें १,२५,००० क्यूबन येऊन उतरले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मतदारांनीं उलट निर्णय दिला कीं, परगण्याचा पैसा इंग्रजीवांचून अन्य भाषेवर खर्च होऊं नये. हा नियम १९९३ पर्यंत टिकला व मग रद्द झाला. दरम्यान १९८८ सालीं फ्लॉरिडा संस्थानानें इंग्रजीस आपल्या राज्यघटनेंत अधिकृत भाषा ठरविलें, आणि १ मार्च २०२५ रोजीं राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमानें ती सर्व देशाची अधिकृत भाषा झाली. हायलीयांतील किल्लीवाला अजून स्पॅनिशच बोलतो.

शिवाय 'देश इंग्रजीचा' म्हणावें तर इतिहास आड येतो. फ्लॉरिडा हें नांवच १५१३ सालीं एका स्पॅनिश दर्यावर्द्यानें ठेवलेलें. सेंट ऑगस्टीन हें तेथील गांव स्पॅनिशांनीं १५६५ सालीं वसविलें. तेव्हां इंग्रजांची एकही वसाहत त्या खंडावर नव्हती.

तथापि एका तक्रारीपुढें मी मान खालीं घालतों. १८९६ सालीं मायामीची नगरपालिका स्थापन झाली, तेव्हां मतें देणाऱ्यांत कृष्णवर्णी मजुरांचा मोठा वाटा होता. ज्यांच्या घामानें शहर उभें राहिलें, त्यांच्या नातवंडांनीं आपल्याच गांवांत नोकरी मागावयास जावें आणि "स्पॅनिश येतें काय ?" हा प्रश्न पुढें यावा, हें त्यांच्या जिव्हारीं लागलें तर नवल नाहीं. त्यांस 'शिका' असें सांगण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु मी त्यांच्यांतला नव्हे. मी आपखुशीनें, पगार ठरवून, सामान बांधून आलेला. जो दुसऱ्याच्या घरीं आपण होऊन जातो, त्यानें निदान 'पाणी द्या' एवढें तरी त्या घरच्या भाषेंत म्हणावें.

या बाबतींत आपण मराठी माणसांनीं तर फारच जपून बोललें पाहिजे. मुंबईस वर्षानुवर्षें राहूनही ज्यास मराठीचा एक शब्द येत नाहीं, त्याच्यावर आपण रागावतों. तो राग मला रास्त वाटतो. पण बंगळुरास दहादहा वर्षें काढलेले माझे कित्येक वर्गबंधु कानडींत कोथिंबिरीची जुडी मागूं शकत नाहींत, आणि त्यांना त्याची खंतही नाहीं. विचारलें तर म्हणतात, "इंग्रजींत भागतें." माझेंही भागत होतें.

सळ्या पडल्या त्याच आठवड्यांत मीं संध्याकाळचा एक वर्ग धरला. पुस्तक इंग्रजींतून स्पॅनिश शिकविणारें होतें. त्यांत 'मे गुस्ता एल् काफे', म्हणजे मला कॉफी आवडते, या वाक्याकरितां दोन पानें खर्ची घातलेलीं. कां, तर येथें कर्ता कॉफी आहे, बोलणारा नव्हे, ही गोष्ट इंग्रजी डोक्यांत शिरत नाहीं. मीही इंग्रजी डोक्यानेंच वाचीत होतों, म्हणून माझ्याही शिरेना. मग एकाएकीं लक्षांत आलें कीं, आपल्याकडे पांच वर्षांचें पोर 'मला चहा आवडतो' असें म्हणतें, तें हेंच कीं ! त्या दिवसापासून मीं इंग्रजीला मधून उठविलें. स्पॅनिशमध्यें एकट्या माणसास सलगीनें 'तू' म्हणतात, तें अक्षरशः आपलेंच 'तूं'. वडीलधाऱ्यांस निराळें सर्वनाम व निराळें क्रियापद, जसें आपलें 'आपण बसावें'. टेबल पुल्लिंगी कीं स्त्रीलिंगी या प्रश्नानें इंग्रजी बोलणारे हैराण होतात. आपण तर तीन लिंगें घेऊन जन्मास आलों. त्यांचा त आणि द आपल्यासारखाच दातांवरचा. 'पागार' म्हणजे पैसे देणें, आणि आपल्याकडे महिनाअखेर मिळतो तो पगार. 'पाद्रे' म्हणजे बाप. आपण पाद्री म्हणतों तो शब्द त्याच कुळांतला. सारांश, जी वाट मी सातासमुद्रांना वळसा घालून शोधीत होतों, ती माझ्या आजोळच्या ओसरीवरून जात होती.

पालक मला पत्रें लिहून विचारतात, मुलाला फ्रेंच शिकवावें, जर्मन शिकवावें कीं स्पॅनिश ? माझें उत्तर त्यांना आवडत नाहीं. मी म्हणतों, तुमच्या वाड्यांत, तुमच्या गल्लींत गुजराती, कानडी, तेलुगु वा उर्दू बोलणारें एखादें कुटुंब असेल. तेथें मुलास रोज अर्धा तास पाठवा. फी नाहीं, पुस्तक नाहीं. तो चुकेल, लोक हंसतील, तोही हंसेल. दुसऱ्याच्या भाषेंत हंसें करून घेण्याची संवय ज्यास लहानपणीं लागली नाहीं, त्याला मोठेपणीं फार लाज वाटते. मला जी आठ महिने गप्प बसवून राहिली ती हीच लाज होती, आळस नव्हे. वर्गांत पहिला येणारा मुलगा चुकीचें वाक्य बोलावयास धजत नाहीं, हा आपल्या शिक्षणाचा दोष आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. शिक्षकवर्ग याबद्दल क्षमा करील अशी आशा आहे.

ही लाज माझ्या आईस मुळींच नव्हती. ती गेल्या वर्षीं सहा महिन्यांकरितां माझ्याकडे आली. तिला इंग्रजीचे दहावीस शब्द येतात, स्पॅनिशचा एकही नाहीं. आमच्या शेजारीं एक वृद्ध क्यूबन बाई राहतात. त्या १९८० सालीं होडींतून आल्या, शिवणाच्या कारखान्यांत सगळा जन्म राबल्या, व इंग्रजी कधीं शिकल्या नाहींत. बाजार, बँक, डॉक्टर, प्रार्थना हें सारें हायलीयांत स्पॅनिशमध्यें होतें, मग वेळ काढावा तरी कशाकरितां? त्यांच्या परसांत पेरूचें झाड आहे. आई कुंपणाशीं उभी राहून झाडाकडे बोट दाखवी व "पेरू, पेरू" म्हणे. बाईंनीं तें भलतेंच घेतलें. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाची ही बाई असून आपल्या देशाच्या आठवणीनें व्याकूळ झाली आहे, असें समजून त्यांनीं आईचे दोन्ही हात हातांत घेतले आणि पुष्कळ वेळ तिचें सांत्वन केलें. आईला वाटलें, झाड मरावयास टेकलें आहे. म्हणून तिनेंही त्यांचें सांत्वन केलें.

आठवड्यानें मीं खुलासा केला तेव्हां दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हंसल्या. पण तोंपर्यंत आई 'ग्वायाबा' म्हणजे पेरू, 'आग्वा' म्हणजे पाणी, 'सिएन्तेसे' म्हणजे बसा, इतकी मजल मारून बसली होती, आणि बाई पेरूची कोशिंबीर करावयास शिकल्या होत्या. त्या आईला 'मि आमोर' म्हणत. त्याचा अर्थ 'माझे लाडके' असा होतो, हें समजल्यावर आई दोन दिवस अवघडली. मग तीही त्यांना तेंच म्हणूं लागली.

आई आतां नगरास परत गेली आहे. बाई मला कुंपणावरून विचारतात कीं, पेरूची बाई पुन्हां केव्हां येणार ? मी सांगतों, दिवाळी झाल्यावर. दिवाळीला स्पॅनिश शब्द नाहीं, म्हणून ती काय असते हें समजावून देण्यास मला पाऊण तास लागला. क्रियापदांचे काळ दोनतीनदां चुकले. त्यांनीं ते दुरुस्त केले, आणि फराळांत काय काय करतात, हें पुन्हां पहिल्यापासून सांगावयास लावलें.