जीर्णोद्धार आणि झिलई

कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून भरत आलेल्या मोटारींच्या सौंदर्यस्पर्धेत ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च मान मिळवणारी बुगाटी टाइप ५९ ही गाडी १९३४ च्या मोसमात ग्रां प्री शर्यती धावलेली, पुढे बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्या संग्रही गेलेली होती आणि राजेसाहेबांच्या पसंतीचा काळा रंग व पिवळा पट्टा अंगावर तसाच वागवीत ती मैदानात उतरली होती. तो रंग जागोजाग विटला होता, झिजला होता, आणि तरीही परीक्षकांनी शेजारच्या लखलखीत गाड्यांना मागे सारून तिच्या पदरात माप टाकले. जीर्णोद्धार न झालेल्या मोटारीला हा मान मिळण्याची त्या स्पर्धेतील ही पहिलीच खेप. जुन्या, हेळसांड झालेल्या गाडीचा उद्धार म्हणजे तिला पत्र्यापर्यंत खरवडून नवा रंग चढवणे, या समजाविरुद्धची फिर्याद या निवाड्याने निदान दाखल तरी करून घेतली, असे मी मानतो. आणि तिचा निकाल आपल्याकडेही लागावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

हेळसांड म्हणजे काय याचा दाखला पश्चिम फ्रान्समधील रोजे बायों यांच्या मालमत्तेत मिळतो. मालवाहतुकीच्या धंद्यात हात चांगला चालत असताना, मोटारींचे संग्रहालय उभारण्याच्या ईर्षेने या गृहस्थांनी १९५० च्या दशकापासून गाड्या जमवल्या. १९७० च्या दशकात धंदा बसला, काही गाड्या विकाव्या लागल्या, आणि उरलेल्यांपैकी बहुतेक पत्र्याच्या छपराखाली ऊन, पाऊस आणि वेली यांच्या हवाली झाल्या. २०१४ मध्ये अशा साठेक गाड्या उजेडात आल्या. त्यांतली, एके काळी अभिनेते आलँ दलों यांच्याकडे असलेली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर बंद गॅरेजात जुन्या मासिकांच्या ढिगाखाली निघाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ती अंगावरच्या धुळीसकट मांडली गेली आणि सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. विकणाऱ्यांनी ती धुऊन-पुसून आणली नाही, यावरून बाजाराचे वारे कोणीकडे वाहू लागले होते हे ध्यानात येते.

तथापि हा प्रश्न जितका भावनेचा, त्याहून अधिक जाडीचा आहे. आजच्या कारखान्यातून निघणाऱ्या मोटारीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनांचा थर असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या फार तर दुप्पट. आणि त्यांतला, झळाळी देणारा व उन्हाचा मारा सोसणारा क्लिअर कोट अवघा ४०-५० मायक्रॉनांचा. साठ-सत्तरच्या दशकांतील इटालियन गाड्यांच्या साध्या रंगांवर हा पारदर्शक थर नसे, रंगद्रव्य उघड्यावरच असे; म्हणून वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या लाल गाडीचा पृष्ठभाग भुकटी धरतो आणि फिकट गुलाबी दिसू लागतो. पाहणाऱ्याला वाटते की रंग मेला. वास्तविक मेलेला असतो तो वरचा अतिशय पातळ पापुद्रा, आणि त्याच्याखाली मूळ लाल पुष्कळदा शाबूत असतो.

कसबी कारागीर अशा गाडीजवळ यंत्र घेऊन जात नाही. तो आधी तिला भरपूर पाण्याने धुतो, रंगात रुतून बसलेली धूळ आणि लोखंडाचे कण मऊ चिकणमातीच्या वडीने उचलून घेतो, आणि मग दरवाजाच्या खालच्या कोपऱ्यात, सहसा कोणाची नजर जाणार नाही अशा ठिकाणी, पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन हलक्या हाताने घासतो. फडके लाल झाले तर रंग उघडा आहे. पांढरेच राहिले तर वर क्लिअर कोट आहे. त्यानंतर मायक्रॉनमापक निघते, आणि येथेही तारतम्य लागते, कारण लोखंडी पत्र्यावर चालणारे चुंबकी मापक ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर मुकाट बसते. जाडीची मोजदाद झाल्यावर, उघड्या रंगाला तेलयुक्त ग्लेझ चोपडून ते तासन्‌तास मुरू दिले जाते. कोरडा पडलेला पापुद्रा त्याने मऊ होतो, आणि पुसताना फडक्यावर गुलाबी राप येत येत खालचा गडद रंग वर येऊ लागतो. मग सर्वांत सौम्य पॉलिश, आणि त्याने भागले नाही तरच त्याहून किंचित कडक. उलटपक्षी आपल्या बहुसंख्य गॅरेजांत पहिल्याच दिवशी पाणकागद आणि रबिंग बाहेर येते, फिरत्या चाकाचा बफ लावला जातो, आणि कडा व पत्र्याच्या उभारलेल्या रेषा, जेथे रंग मुळातच सर्वांत पातळ असतो, तेथे काही क्षणांत प्रायमर डोळे वटारून पाहू लागतो. हे झाले, की पुऱ्या गाडीला नवा रंग देण्यावाचून गत्यंतर नाही, हे मालकाला पटवून देणे सोपे जाते.

नवा रंग मूळच्यापेक्षा सरस दिसतो हीच त्याच्याविरुद्धची मुख्य हरकत आहे. एन्झो फेरारी यांच्या हयातीत बाजारात आलेली शेवटची फेरारी म्हणजे १९८७ ची एफ४०. तिच्या कार्बन आणि केव्हलारच्या अंगावर वजन वाचवण्यासाठी रंग इतका पातळ दिला जाई की खालची वीण त्यातून दिसत असे. अशा गाडीवर कोणी हौसेने रंगाचे दाट हात चढवले, तर ती वीण झाकली जाते, गाडी अधिक देखणी भासते, आणि शर्यतीच्या गाडीला रस्त्यावर आणताना वजनाचा किती बारीक हिशेब केला गेला होता याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा कायमचा नष्ट होतो. कारखान्याने ठेवलेली उणीव हीदेखील कारखान्याचीच सही असते.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती डावलणे अप्रामाणिकपणाचे होईल. रंगाचे पहिले कर्तव्य धातूचे रक्षण करणे हे आहे. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत जेथे पोपडे सुटले, गंज पत्रा खाऊ लागला, तेथे मूळ रंगाचा जप करीत बसणे म्हणजे रंगापायी गाडी गमावणे होय. तेथे खरवडावे, प्रायमर द्यावा, रंग द्यावा, पण त्या भागापुरता. शिवाय अस्पर्शित गाड्यांना भाव चढू लागल्याबरोबर कृत्रिम झीज आणि बनावट डाग तयार करणारे हातही बाजारात आले, हेही खरे. परंतु खोट्या दस्तऐवजांच्या भीतीने कोणी खरे दस्तऐवज जाळीत नाही.

वास्तुरक्षणाच्या क्षेत्रात हा विवेक १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेने सांगितला, आणि त्याच धर्तीवर ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक संघटनेने, फिवाने, २०१२ साली त्युरिनची सनद स्वीकारली: आधी जतन, मग गरजेपुरती दुरुस्ती, आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद. आपल्याकडे हेमाडपंती देवळांच्या काळ्या पाषाणावर जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंटचे भडक हात फिरवले जातात, आणि गावाला त्यात पुण्यच दिसते. व्हिंटेज गाडीला चकचकीत रंग देणाऱ्या मालकाची श्रद्धा याच जातकुळीची आहे. दोघांचाही हेतू निर्मळ असतो, आणि दोघांच्याही हातून जे जाते ते परत आणता येत नाही.

कायद्याने अर्धे पाऊल टाकले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम अमलात आणले. त्यांच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि वाहन मूळ स्वरूपात असावे, त्याच्या चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. रंगाविषयी त्या व्याख्येत चकार शब्द नाही. नवे फर्मान काढून रंगाला परवान्याखाली आणावे असे मी म्हणणार नाही. आरटीओच्या दप्तरात आधीच काम थोडे नाही. पण मुंबई-पुण्यात व्हिंटेज मोटारींच्या फेऱ्या भरवणाऱ्या मंडळींना दोन गोष्टी सहज करता येतील: मूळ रंग राखलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र विभाग आणि स्वतंत्र पारितोषिक ठेवावे, आणि ज्या गाड्या रंगवल्या गेल्या त्यांच्याकडून, रंगवण्यापूर्वीची छायाचित्रे, भागवार जाडीची नोंद आणि मूळ रंगाचा न खरवडलेला एखादा तुकडा, यांची मागणी करावी. मालकाने गॅरेजवाल्याकडे एवढी कागदपत्रे आधीच मागितली, तर पाणकागद आपोआप उशिरा निघेल. कारण ज्या कामाचा जाब पुढे कोणीतरी विचारणार आहे, ते काम माणूस हात राखून करतो.