गाडी लागणं आणि पर्समधली उरलेली गोळी

ताम्हिणी घाट ज्यांनी एस.टी.ने केला आहे, त्यांना गाडी लागणं म्हणजे काय ते सांगायला नको. आम्हा मुळशीकरांकडे माणगावहून पाहुणे आले, की आधी लिंबाचं सरबत आणि मग चहा!

गेल्या मे महिन्यात धाकट्या जाऊबाई दहा वर्षांच्या लेकाला घेऊन आल्या. घाटात त्याला उलट्या सुरू झाल्या. पर्समध्ये स्वतःच्या मळमळीसाठी आणलेल्या मेटोक्लोप्रमाइडच्या गोळ्या उरल्या होत्या, त्यातली एक दिली. ‘उलटीचीच तर आहे!’ गुण येईना म्हणून घरी पोचल्यावर दुसरी. संध्याकाळी पोराची मान एका बाजूला वळली ती वळलीच, डोळे वर चढले. शुद्धीवर होता, पण बोलता येईना. शेजारच्या आजी मीठ-मोहऱ्या घेऊन धावल्या, आम्ही त्याला घेऊन पौडला. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, “कुठली गोळी दिलीत?” नशीब, पाकीट पर्समध्येच होतं. एक इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ झाली.

मग त्यांनी समजावलं. उलटीचा हुकूम मेंदूच देतो, पण त्याच्याकडे वर्दी जाते वेगवेगळ्या वाटांनी. घाटात कान म्हणतो आपण हलतोय, डोळे म्हणतात समोरची सीट तर जागच्या जागी आहे. या भांडणातून गाडी लागते. अ‍ॅव्होमिनमधलं प्रोमेथाझिन ती वाट अडवतं. मेटोक्लोप्रमाइड अडवतं डोपामिनची वाट; गाडी लागण्यावर त्याचा उपयोग नाहीच. शिवाय स्नायूंचा ताबाही डोपामिनकडेच, म्हणून लहान मुलांच्या, तरुणांच्या माना अशा आखडतात. आणि गंमत ऐका, ते इंजेक्शन प्रोमेथाझिनचंच होतं!

प्रवासाची गोळी निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. झोप येते, तेव्हा स्कूटर चालवणाऱ्याने घेऊ नये. दोन वर्षांखालच्या बाळाला तर कधीच नको. मोठ्या मुलांनाही किती द्यायची, ते डॉक्टरांना विचारूनच. दिवस गेले असतील तर विचारल्याशिवाय कुठलीच घेऊ नका. जुलाबाबरोबर उलट्या असतील तर आधी चमचा-चमचा ओ.आर.एस. हिरवी किंवा रक्ताची उलटी, डोक्याला मार लागल्यावरची उलटी घरी दाबत बसू नका बाई, सरळ दवाखाना गाठा.

परतताना डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी घेऊन पोरगं बसलं खिडकीशी. जाऊबाईंचा फोन आला, “ताई, माणगावपर्यंत नुसता घोरत होता!”